आत्मविश्वास वाढवायचा कुणाचा?

कळंब तालुक्यात बायकांसाठी उद्योजकता प्रशिक्षणाचं शिबिर भरलं, की पहिलं सत्र ठरलेलं असतं : ‘आत्मविश्वास वाढवा’. पाहुणे येतात, सत्कार होतात आणि मग बायांना सांगितलं जातं, की तुमच्यात न्यूनगंड आहे, तुम्ही जोखीम घ्यायला घाबरता, मोठी स्वप्नं बघत नाही. शहरांत हल्ली ज्याला ‘स्टार्टअप’ म्हणतात, तिथल्या भाषणांचं हे पाणी घालून वाढवलेलं ताक. समोर बसलेल्या बाया मान डोलावतात. त्यांतल्या कित्येकजणी पहाटे उठून, धार काढून, भाकऱ्या थापून, रोजगार बुडवून आलेल्या असतात. त्यांना हिंमत शिकवायची!

धंदा सुरू करणाऱ्या बाईला भीती वाटते, हे खरं आहे. पण ही भीती म्हणजे तिचा आजार नव्हे, तो तिचा हिशेब आहे. पुरुषाचा धंदा बसला तर लोक म्हणतात, ‘धंद्यात खोट आली.’ बाईचा बसला तर म्हणतात, ‘हिनं घर बुडवलं.’ त्याचं अपयश बाजारात राहतं, तिचं माजघरात येऊन बसतं. बचत गटातून कर्ज उचललं असेल तर हप्ता थकल्यावर शेजारणीच दारात येतात, कारण एकीचं थकलं तर सगळ्या गटाची पत जाते. सावकाराला तोंड चुकवता येतं, रोज पाण्याला सोबत जाणाऱ्या मैत्रिणीला कसं चुकवायचं? रात्र रात्र डोळा लागत नाही तो यामुळे. समाजकार्याच्या वर्गात आम्हाला माणसाचं मन समजून घ्यायला शिकवलं. त्यासोबतच हेही शिकवलं, की मनाचं कारण नेहमी मनातच सापडेल असं नाही.

मग ते कुठं सापडतं? पहिल्यांदा सातबाऱ्यावर. महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली कायदा बदलला, हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क मिळाला. पण बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही केली नाही तर माहेर तुटतं, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. नवऱ्याच्या घरी घर नवऱ्याचं, जमीन सासऱ्याची. अशी बाई बँकेत गेली की साहेब विचारतात, ‘तारण काय? मिस्टरांना घेऊन या.’ लघुउद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, असं रिझर्व्ह बँकेनं २०१० सालीच बँकांना बजावलेलं आहे. तो कागद आमच्या बायांच्या वेळी काउंटरवर कधी निघत नाही.

दुसरं कारण घड्याळात आहे. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार, घरकाम करणाऱ्यांपैकी बाई त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवते आणि पुरुष ८८ मिनिटं. म्हणजे उद्योगाचा पहिला रुपया गुंतवण्याआधीच ती रोज २०१ मिनिटांनी मागं असते. भूम-कळंब भागात खव्याच्या भट्ट्या आहेत. म्हशीचं शेण काढण्यापासून धारेपर्यंतचं काम बाईच्या अंगावर, आणि दुधाचं खातं मात्र घरच्या पुरुषाच्या नावावर. मग उद्योजक कोण? कागद म्हणतो, तो.

आणि समजा, यातूनही तिनं पापड-शेवयांचा, मसाल्याचा, शिलाईचा धंदा उभा केला. खरी अडचण तेव्हा सुरू होते. धंदा लहान असेपर्यंत घराला तो चालतो, कारण त्याला ‘हातभार’ म्हणतात. दोन बाया कामाला ठेवल्या, लातूरची ऑर्डर आली, मुक्कामाला जायची वेळ आली, की तोच धंदा खुपायला लागतो. ‘आता व्यवहार मी बघतो,’ असं म्हणत नवरा किंवा दीर एटीएम कार्ड खिशात घालतो. धंदा वाढतो आणि बाई आपल्याच धंद्यात मजूर होते. म्हणून कित्येकजणी धंदा मुद्दाम लहान ठेवतात. प्रशिक्षक म्हणतात, ‘यांना महत्त्वाकांक्षा नाही.’ मी म्हणते, जे वाढलं की हातातून जाणार, ते शहाणी बाई कशाला वाढवेल?

सरकारचा वागण्याचा तराही घरापेक्षा वेगळा नाही. २०१५ साली मुद्रा योजना आली, तिची पहिली पायरी ५० हजारांपर्यंतची. २०२४ साली राज्य सरकारनं अहिल्यादेवी होळकरांच्या नावानं महिला स्टार्टअप योजना आणली. मदत १ लाख ते २५ लाख, पण अट अशी, की उलाढाल आधीच १० लाख ते १ कोटी असावी. शिवाय २०१६ साली केंद्रानं ठरवलेल्या ‘स्टार्टअप’च्या व्याख्येत कंपनी बसते, भागीदारी संस्था बसते, पण एकटीच्या मालकीचा धंदा बसत नाही, बचत गटही बसत नाही. म्हणजे खालच्या पायरीवर ५० हजार, वरच्या माडीवर २५ लाख आणि मधला जिनाच नाही! ज्या राणीनं विधवांचा मिळकतीवरचा हक्क राखला, तिचं नाव लावताना एवढा तरी विचार व्हायला हवा होता.

जिथं बाईच्या आयुष्याकडे बघून उद्योगाची बांधणी झाली, तिथं तो वाढला. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. पीठ केंद्रातून न्यायचं, घरी लाटायचं, पापड परत दिले की मजुरी घ्यायची आणि प्रत्येक बहीण मालकीत भागीदार. काम घरातच ठेवलं म्हणून टीका करता येईल, करावीही. पण मालकी बायांच्या हातून गेली नाही, हे विसरून चालणार नाही. साताऱ्यातल्या म्हसवडच्या बायांनी चेतना सिन्हांसोबत बँक काढायची म्हटली, तेव्हा अर्जदार निरक्षर म्हणून परवाना नाकारला गेला. त्या अक्षरं शिकल्या, परत गेल्या, तोंडी व्याजाचा हिशेब करून दाखवायला तयार झाल्या आणि १९९७ मध्ये माणदेशी बँक उभी राहिली. लांब कशाला, १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर आपल्याच लातूर-उस्मानाबादच्या गावांत महिला मंडळांच्या बायांनी ‘संवाद सहायक’ म्हणून घरदुरुस्तीच्या कामावर देखरेख केली. त्यांना आधी आत्मविश्वास देऊन मग काम दिलं नव्हतं. काम दिलं, अधिकार दिला, मागून आत्मविश्वास आला.

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असू द्या. घर आणि जमीन दोघांच्या नावावर करा. हक्कसोडपत्रावर मुकाट्यानं सही करणं थांबवू या. बँकेनं तारण मागितलं तर नकार लेखी मागू या आणि पाच जणी मिळून मागू या. बचत गट आणि एकटीचा धंदा यांना योजनेच्या व्याख्येत घ्या, मधल्या पायरीला भांडवल द्या. बाजारात ओटा द्या, स्वच्छतागृह द्या, प्रशिक्षणाच्या जागी पाळणाघर द्या. आणि धंद्याचं एटीएम कार्ड, मैत्रिणींनो, आपल्याच कनवटीला राहू द्या.

राहता राहिला आत्मविश्वास. तो वाढवायचाच असेल तर त्याचं शिबिर बँकेच्या साहेबांसाठी, मंत्रालयातल्या योजना लिहिणाऱ्यांसाठी आणि घरातल्या पुरुषांसाठी भरवा. विषय असू द्या : ‘बाईवर विश्वास कसा ठेवावा.’ शिकवायला आमच्या कळंबच्या बाया येतील.