तुम्हाला काय हवं, हे कोण विचारतंय?

हळदीकुंकू, भिशी, केळवण अशा निमित्तानं बायका जमल्या की तिथे डबे, भांडी, क्रीम, शाम्पू विकायला कुणीतरी येतं, याची आता आपल्याला सवय झाली आहे. शहरांतून तर खास त्यासाठीच घरी ‘डेमो’ ठेवला जातो. यजमानीण चहा-पोहे करते, आठ-दहा शेजारणींना बोलावते. विक्रेती वस्तू मांडते, डब्याचं झाकण कसं घट्ट बसतं ते दाखवते आणि ऑर्डरी लिहून घेते. या सगळ्यात एक कागद हातोहात फिरतो. मला लिहायचं आहे ते त्या कागदाविषयी. त्याला ‘विश लिस्ट’ म्हणतात, म्हणजे इच्छांची यादी. विक्रेती सांगते, “वहिनी, किंमत बघू नका. आज घ्यायलाच हवं असंही नाही. आवडलं त्यावर नुसती खूण करा, खाली नाव आणि फोन नंबर लिहा.”

बायका हसतहसत खुणा करतात, आणि कागद विक्रेतीच्या पिशवीत जातो. वरवर पाहता यात काहीच वावगं नाही. पण आपल्या मंडळांतल्या, बचत गटांतल्या कितीतरी जणी आज असे कागद भरतात, आणि कितीतरी जणी ते भरून घेतात. दोन्ही बाजूंना आपल्याच मैत्रिणी आहेत. म्हणून त्या कागदाचं पुढे काय होतं हे आपण समजून घ्यायला हवं.

त्याचे उपयोग साधारण चार. पहिला उपयोग त्याच दिवशी होतो. यादीतली सर्वांत महाग वस्तू हेरून विक्रेती म्हणते, “ही तुम्हाला निम्म्या किमतीत मिळेल, फक्त पुढच्या महिन्यात तुमच्या घरी डेमो ठेवा.” म्हणजे एका डेमोतून दुसरा डेमो मिळतो. दुसरा उपयोग नंतरचा. कंपनीची काही योजना निघाली की यादी काढून नेमका त्या बाईला फोन करायचा. तिसरा उपयोग नवऱ्याकडे जाण्याचा. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, पाडव्याची ओवाळणी जवळ आली की “वहिनींना काय हवंय ते आमच्याकडे लिहिलेलं आहे,” असं त्याला कळवायचं. चौथा उपयोग सर्वांत महत्त्वाचा. यादीची बेरीज करायची आणि म्हणायचं, “एवढ्या पैशांच्या वस्तू तुम्हाला आवडल्यात. त्यापेक्षा तुम्हीच विक्रेती का होत नाही? सगळं सवलतीत मिळेल.” काल गिऱ्हाईक असलेली बाई आज विक्रेती होते आणि तिच्या मागोमाग तिच्या बहिणी, जावा, मैत्रिणी या साखळीत ओढल्या जातात.

ही पद्धत कुठून आली तेही पाहू. घरोघरच्या पार्टीतून डबे विकण्याचं तंत्र अमेरिकेत भरभराटीला आणलं ते ब्राउनी वाइज या बाईनं. घटस्फोटित, एका मुलाची आई. अर्ल टपर यानं १९४६ च्या सुमाराला आपले प्लास्टिकचे डबे बाजारात आणले, पण दुकानात ते पडून राहात. त्यांचं झाकण कसं लावायचं हे गिऱ्हाइकांना कळत नव्हतं. वाइजनं ते घरोघरी बायकांना करून दाखवलं आणि डबे खपू लागले. १९५१ मध्ये टपरनं दुकानांतली विक्री थांबवली आणि घरगुती पार्ट्यांचा सगळा कारभार तिच्या हाती दिला. १९५४ मध्ये ‘बिझनेस वीक’ या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकणारी ती पहिली बाई ठरली. जानेवारी १९५८ मध्ये मात्र टपरनं तिला काढून टाकलं. कंपनीत तिच्या नावावर एकही शेअर नव्हता. भांडून तिला मिळाली ती साधारण एका वर्षाच्या पगाराएवढी रक्कम. त्याच वर्षी टपरनं कंपनी १ कोटी ६० लाख डॉलरला विकली.

ही हकीकत जुनी आणि परदेशातली असली तरी तिच्यातला व्यवहार आजही तोच आहे. बायकांच्या ओळखी, बायकांचं बोलणं, बायकांची घरं आणि बायकांचा वेळ यांच्यावर धंदा उभा राहतो आणि मालकी दुसरीकडेच असते. टपरवेअर भारतात आली १९९६ मध्ये. आर्थिक उदारीकरणानंतरच्या त्याच काळात थेट विक्री करणाऱ्या इतरही परदेशी कंपन्या इथे आल्या. त्यांना इथे बायकांचं जाळं नव्यानं विणावं लागलं नाही. ते आपल्याकडे तयारच होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकचा डबा देण्याची पद्धत तर कंपन्यांच्या आधीपासून आहे. मूळच्या टपरवेअर कंपनीनं सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. पण विकण्याची ही रीत त्या एका कंपनीपुरती उरलेली नाही. आता साड्या, दागिने, मसाले, सौंदर्यप्रसाधनं, सगळंच असं विकलं जातं.

विक्रेतीच्या हाती काय लागतं? एक साधा हिशेब मांडून पाहू. आकडे समजुतीपुरते आहेत, प्रत्येकीनं आपले घालून पाहावेत. समजा, एका डेमोत ४,००० रुपयांच्या ऑर्डरी आल्या आणि तिचा वाटा शेकडा २५ आहे. म्हणजे १,००० रुपये. त्यातून रिक्षाचे २००, यजमानिणीच्या भेटवस्तूचे १५०, फोन आणि कॅटलॉगचे ५० गेले. उरले ६००. आता वेळ मोजा. दहा जणींना फोन करणं, डेमोची तयारी, प्रत्यक्ष डेमो, माल आणणं, तो घरोघर पोचवणं आणि उधारी वसूल करायला दोनदा-तीनदा जाणं. हे सगळं १५ तासांत उरकलं तरी तासाला ४० रुपये पडतात. आजारपणाची रजा नाही, विमा नाही, कारण कागदोपत्री ती कुणाची नोकर नसून ‘स्वतंत्र उद्योजिका’ असते. महिन्याचं टार्गेट भरायला दोन हजार कमी पडले, तर ते ती स्वतःच खरेदी करून भरते. माळ्यावर न खपलेल्या डब्यांची रास असलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्या मालाचे पैसे त्यांनी घरखर्चातून वाचवलेल्या रकमेतून घातले होते आणि घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

अशा स्थितीत असलेली बाई विश लिस्टला चिकटून राहते यात नवल काय? अनोळखी माणसाला माल विकण्यापेक्षा, ज्या बाईनं आपली आवड स्वतःच लिहून दिली आहे तिला विकणं सोपं. कंपनीच्या प्रशिक्षणात तिला हेच शिकवलेलं असतं. म्हणून या यादीवर टीका करताना माझा रोख विक्रेतीवर नाही.

यादी भरणाऱ्या बाईची बाजूही समजून घेतली पाहिजे. “तुम्हाला काय हवं?” हा प्रश्न आपल्या घरांत बाईला किती वेळा विचारला जातो? भाजी कुठली करायची हे ती इतरांच्या आवडीनं ठरवते. साडी घ्यायची तर निमित्त लागतं. अशा बाईला कुणीतरी समोर बसून, हातात पेन देऊन विचारतं की तुझ्या मनात काय आहे, आणि किंमत पाहू नकोस असंही सांगतं. तिला बरं वाटतं, यात तिचा मूर्खपणा नाही. पण विचारणारीच्या कागदावर उत्तरं आधीच छापलेली असतात. त्यात पिठाचा डबा आहे, मुलांच्या डब्याचा संच आहे, नवऱ्याच्या ऑफिसची बाटली आहे. तिच्या स्वतःच्या वाट्याला फार तर चेहऱ्याला लावायचं क्रीम. दुपारचे दोन तास मोकळे हवेत, स्वतःच्या नावाचं बँकेचं खातं हवं, घराच्या कागदावर नाव हवं, यांच्यापुढे खूण करायला त्या कागदावर चौकोन नसतो.

नवऱ्याला फोन करण्याचा प्रकार मला सर्वांत जास्त खटकतो. काही घरांत ती गोड गंमत ठरेलही. पण आपण ज्या बायकांबरोबर काम करतो, त्यांतल्या कितीजणींच्या घरी पैशांवरून भांडणं होतात, आणि भांडणाची मजल मारहाणीपर्यंत जाते, हे या पानांच्या वाचकांना मी सांगायला नको. “तीन हजारांचा कुकर हवाय म्हणे हिला!” एवढं निमित्त तिथे पुरतं. बाईनं चार बायकांत विश्वासानं लिहिलेली गोष्ट तिच्या परवानगीशिवाय घरच्या पुरुषाच्या हातात देणं हा तिचा विश्वासघात आहे, मग हेतू विक्रीचा असो की भेटवस्तूचा.

आमच्या काही मैत्रिणींचं मत असं की अशा विक्रीला गटांत पाय ठेवू देऊ नये. मला हे पटत नाही. लहान मूल किंवा अंथरुणाला खिळलेली सासू यांच्यामुळे पूर्ण वेळ घराबाहेर पडता येत नाही, शिक्षण अर्धवट सुटलेलं, अशा बाईला दुसरं काय काम मिळतं? बायकांतच विक्री करायची म्हणून सासरचे तिला बाहेर तरी पडू देतात. चारचौघींत उभं राहून बोलायला ती यातूनच शिकते. तिला आपण दार बंद केलं तर ती विकायचं थांबणार नाही, फक्त आपल्याशी त्याविषयी बोलायची थांबेल, आणि माळ्यावरची रास वाढत जाईल.

त्यापेक्षा गटांनी काही रीत ठरवावी असं मी सुचवते. सभेचं कामकाज आणि बचतीचा हिशेब संपून वही मिटल्यावरच विक्री व्हावी, ज्यांना जायचं आहे त्यांना जाऊ द्यावं. गटाच्या अंतर्गत कर्जातून अशी खरेदी करू नये. यादी बाईच्या स्वतःच्या वहीत राहावी. विक्रेतीला तिची नक्कल हवी असेल तर विचारून घ्यावी, ती कशासाठी वापरणार हे सांगावं आणि बाईनं परत मागितली तर तिच्यासमोर फाडून टाकावी. नवरा, सासू, दीर, कुणालाही ती दाखवायची नाही. आणि आपल्यातली जी विक्रेती आहे तिच्या हिशेबाला गटानं मदत करावी. तिनं स्वतः विकत घेतलेला माल वेगळ्या रकान्यात लिहिला, की विक्री किती आणि टार्गेटची भर किती हे तिचं तिलाच दिसेल.

यातल्या काही गोष्टींना कायद्याचाही आधार आहे. थेट विक्रीसाठी ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्र सरकारनं डिसेंबर २०२१ मध्ये नियम जारी केले. पिरॅमिड पद्धतीच्या योजना त्यांत निषिद्ध आहेत. ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय किंवा संमतीशिवाय विक्रेत्यानं ग्राहकाच्या घरी जायचं नाही. ग्राहकानं दिलेली संवेदनशील वैयक्तिक माहिती जपण्याची जबाबदारीही विक्रेत्यावर टाकलेली आहे. नव्यानं विक्रेती होऊ पाहणाऱ्या बाईला डेमोचं साहित्य विकत घ्यायला लावता येत नाही. हे नियम मराठीत, सोप्या भाषेत लिहून गटांच्या भिंतीवर लावायला हवेत. पैसे फिरवणाऱ्या योजनांवर बंदी घालणारा कायदा तर १९७८ पासून आहे. तरी साखळी योजनांत बायका फसतात, कारण त्यांना ओढणारी व्यक्ती बहुतेक वेळा त्यांची नातलग असते आणि तक्रार करायची तर तिच्याविरुद्ध करावी लागते.

शेवटी, ही यादी आपल्याही कामाची होऊ शकते. आपले बचत गट पापड, मसाले, गोधड्या, पिशव्या करतात आणि प्रदर्शनातून निम्मा माल परत आणतात. कारण काय करायचं हे ठरवताना घेणारीला कुणी विचारलेलं नसतं. दिवाळीच्या आधी चकली किती किलो, चिवडा किती किलो हे घरोघर लिहून घेणारी फराळवाली बाई हेच काम पूर्वापार करत आली आहे. मागणी आधी कळली की बनवणारीचा धोका कमी होतो, कर्ज कमी काढावं लागतं. फरक इतकाच की इथे यादीतून होणारी कमाई बनवणाऱ्या हातांकडे येते. १९५९ मध्ये मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तिथे पापड लाटणारी प्रत्येक बहीण धंद्याची भागीदार मानली गेली. ब्राउनी वाइजला जे मिळालं नाही ते इथे मुळातच धरलेलं होतं.

म्हणून पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं कोरा कागद घ्यावा आणि वस्तूंचीच अट न घालता आपल्याला काय हवं ते लिहावं, असं मी सुचवते. त्यातलं बाजारात मिळण्यासारखं किती, आपल्याच गटाला बनवता येईल असं किती आणि भांडून मिळवावं लागेल असं किती, हे वेगळं काढावं. लिहिलेलं वाचून दाखवायचं की नाही हे ज्या त्या बाईनं ठरवावं. ज्या मैत्रिणी स्वतः विक्री करतात त्यांनी आपले हिशेब आणि अनुभव जरूर लिहून पाठवावेत. वर सुचवलेल्या रीतीतलं काय व्यवहारात टिकणार नाही, हे त्यांच्याइतकं नेमकं दुसरं कुणी सांगू शकणार नाही.