पाहू द्या, घडवू द्या

‘परीक्षा तोंडावर आली आणि हा सिनेमा पाहत बसलाय!’ ही तक्रार आमच्या ख्रिस्ती घरांतून नित्य ऐकू येते. त्याच घरातील पालक मुलाचा शालेय प्रकल्प दुकानातून तयार आणतात, त्यावर मुलाचे नाव घालतात आणि मिळालेल्या गुणांचे कौतुक करतात. या विसंगतीला आमचा स्पष्ट विरोध आहे.

चित्रपट म्हणजे वेळेचा अपव्यय, हे मत आम्हांला मान्य नाही. दादासाहेब फाळके यांना प्रेरणा मिळाली ती ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहून; त्यातूनच १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ अवतरला. डोळसपणे पाहणारा पुढे निर्माता होतो, तो असा. चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त १९९५ साली व्हॅटिकनने ४५ उल्लेखनीय चित्रपटांची यादी जाहीर केली. तीत धार्मिक चित्रपटांबरोबरच, चोरीला गेलेल्या सायकलीसाठी वणवणणाऱ्या बापलेकांची कथा सांगणारा ‘बायसिकल थीव्ज’ही आहे. मग आपणच अधिक सोवळे का व्हावे?

अर्थात मोबाइलवर येईल ते गिळणे म्हणजे रसास्वाद नव्हे. चित्रपट निवडावा, एकत्र पाहावा, त्यावर वाद घालावा. धर्मग्रामाच्या सभागृहात महिन्यातून एक संध्याकाळ यासाठी राखता येईल. आणि प्रकल्प? वसईतील मुलाने आजीकडून सामवेदी वा वाडवळी लग्नगीते स्वतः टिपून आणावीत. अक्षर वेडेवाकडे असेल, गुण दोन कमी पडतील. पण ते काम त्याचे स्वतःचे असेल. विकतच्या प्रकल्पाने आपण मुलाला गुण देतो आणि प्रामाणिकपणा काढून घेतो. हा सौदा पालकांनी आता थांबवावा.