त्याचा आवाज ऐकलास का?

मोबाइल आल्यापासून माणसं दगडाच्या काळजाची झाली, असं हल्ली कोणीही सहज बोलून जातं. मला ते पटत नाही. अमेरिकेतल्या सेरा कोनरॅथ यांनी तिथल्या कॉलेजांतल्या मुलांच्या सहानुभूतीच्या चाचण्यांचे ३० वर्षांचे निकाल एकत्र केले आणि २०१० साली जाहीर केलं, की दुसऱ्याचं दुःख जाणून घेण्याची वृत्ती चांगलीच घसरली आहे. त्याचा जगभर गाजावाजा झाला, खापर स्क्रीनवर फुटलं. पुढे त्यांनीच सहकाऱ्यांसोबत २०१८ पर्यंतचे निकाल तपासले, तर २००८च्या सुमारापासून तीच वृत्ती पुन्हा वर चढताना दिसली. स्मार्टफोन हातोहाती पोचला तो नेमका याच वर्षांत. हे दुसरं संशोधन पहिल्याइतकं गाजलं नाही.

काळीज जागच्या जागी आहे. बिघाड दुसरीकडे झालाय. आपण एकमेकांना ऐकेनासे झालो आहोत, अगदी कानाने.

माझे एक सहकारी मूळचे चिपळूणकडचे. वडील गावी एकटे. गेल्या पावसाळ्यात वडिलांचा मेसेज आला, 'पाऊस बरा आहे. पाय जरा सुजलेत. जमलं तर ये.' यांनी उत्तर दिलं, 'नक्की बाबा, पुढच्या महिन्यात,' आणि खाली अंगठा. यात दोघांचंही काही चुकलं असं मी म्हणणार नाही. कोकणातला बाप 'लगेच ये' म्हणत नाही, तो 'जमलं तर' म्हणतो. आणि नोकरी करणारा मुलगा जे लिहिलंय ते वाचतो. दोन दिवसांनी आत्याचा फोन आला. तिने एवढंच विचारलं, "त्याचा आवाज ऐकलास का?" यांनी घरी फोन लावला, तर वडिलांना एक वाक्य सलग बोलता येत नव्हतं. मधेच थांबून श्वास घ्यावा लागत होता. रात्रीच्या गाडीने हे निघाले. सूज पायावर होती, पण दुखणं हृदयाचं होतं. वेळेत औषधोपचार झाले, आज वडील हिंडतेफिरते आहेत.

तो श्वास मेसेजमध्ये यायला जागाच नव्हती.

अमेरिकेतच विस्कॉन्सिन विद्यापीठात लेस्ली सेल्टझर आणि सेथ पोलॅक यांनी केलेला एक प्रयोग मला कायम आठवतो. साधारण ७ ते १२ वर्षांच्या मुलींना त्यांनी अनोळखी लोकांसमोर भाषण करायला लावलं, तोंडी गणितं घातली. मुली घाबरल्या, घामाघूम झाल्या. मग काहींना आईच्या कुशीत जाऊ दिलं, काहींना आईशी फोनवर बोलू दिलं, काहींना आईशी फक्त टाइप करून बोलता आलं आणि काहींना आई मिळालीच नाही. त्यानंतर मुलींच्या शरीरातली संप्रेरकं मोजली. कुशीत गेलेल्या आणि फोनवर बोललेल्या मुलींमध्ये ताणाचं कॉर्टिसॉल उतरलं आणि मायेशी जोडलं जाणारं ऑक्सिटोसिन वाढलं. टाइप करणाऱ्या मुलींचे आकडे मात्र आई न भेटलेल्या मुलींसारखेच निघाले. समोर आईच होती, धीरही तीच देत होती, पण मुलीच्या शरीराला ती पोचली नाही. २०१२ साली हा निष्कर्ष छापून आला. टाइप केलेल्या चार प्रेमळ ओळींनी आपलं कर्तव्य झालं असं समजणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा मनावर घ्यावा, असं मला फार वाटतं.

उलट बाजूही आहे आणि ती खरी आहे. कर्णबधिर माणसाला मेसेजने जग उघडून दिलं. बोलताना अडखळणारा, घरच्यांच्या देखत फोनवर काही सांगू न शकणारी मुलगी, यांना लिहिता येतं म्हणून निदान वाचा फुटते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आयकॉल' ही समुपदेशन सेवा २०१२ मध्ये सुरू झाली. तिथे फोनबरोबर ईमेल आणि चॅटची वाट ठेवलेली आहे, ती यासाठीच मोलाची वाटते.

आणि कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतला २०२१चा एप्रिल कोण विसरेल? ऑक्सिजन, रेमडेसिवीर, एक बेड, यासाठी अनोळखी लोक अनोळखी लोकांसाठी रात्रभर मोबाइलवर खपत होते. पण मदतीच्या नंबरांच्या ज्या याद्या तेव्हा फिरत, त्यांत नंबरापुढे 'व्हेरिफाइड, रात्री ११.४०' असं लिहिलेलं असे, ते आपोआप येत नव्हतं. कोणीतरी विशी-बाविशीतलं पोर एकेक नंबर फिरवून खात्री करत होतं. पलीकडे कधी दमलेला वॉर्डबॉय, कधी नुकताच बाप गमावलेला मुलगा. यादी हजारोंनी पुढे पाठवली; माणसांचं रडणं त्या पोरांनी ऐकलं. त्यांच्याबद्दल आपण फार कमी बोललो.

फोन केला तर समोरच्याचा वेळ मोडतो, हे तरुणांचं म्हणणं मला मान्य आहे. 'बोलू का?' विचारून फोन करावा. व्हिडिओ कॉलचा आग्रहही नको. तेव्हा येल विद्यापीठात असलेल्या मायकल क्राउस यांच्या २०१७च्या संशोधनात चेहरा आणि आवाज दोन्ही मिळालेल्यांपेक्षा नुसता आवाज ऐकणाऱ्यांनी समोरच्याच्या भावना जास्त अचूक ओळखल्या. चेहरा सावरायला आपण लहानपणापासून शिकतो, आवाज तितका सावरता येत नाही.

दुःखाच्या घरी फोन करायला लोक कचरतात, ते 'काय बोलू?' या धास्तीने. म्हणून ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून सुटका करून घेतात. आमच्या गल्लीतल्या एका काकूंचे यजमान जानेवारीत गेले. ग्रुपवरचे निम्मे मेसेज त्यांनी अजून उघडलेले नाहीत. मात्र त्यांची शाळेतली एक मैत्रीण रोज संध्याकाळी फोन करते. मी विचारलं, काय बोलता एवढं? "काय असायचंय? भाजीचे भाव, तिच्या नातवाची परीक्षा. मी हॅलो म्हटलं की तिला कळतं, आज जेवले की नाही ते. जेवले नसले तर मी वरणभाताचा कुकर लावेपर्यंत ती फोन ठेवत नाही."

ही मैत्रीणही त्याच ग्रुपवर आहे. तिथे तिने काहीच लिहिलेलं नाही.