शिशाचा हिशेब मंत्रालयाने द्यावा

प्रति,
केंद्रीय पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्रालय,
इंदिरा पर्यावरण भवन, नवी दिल्ली

१ फेब्रुवारी २००० पासून देशातल्या एकाही पंपावर शिसे मिसळलेले पेट्रोल मिळत नाही. ज्यांनी तो निर्णय घेतला आणि तेलकंपन्यांकडून तो पाळून घेतला, त्यांचे या देशातल्या मुलांवर मोठे उपकार आहेत. त्याच्या आदल्या वर्षी जॉर्ज फाउंडेशनने मुंबईसह मोठ्या शहरांत मुलांचे रक्त तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांत दर डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे निघाले होते. पुढे २०१६ मध्ये याच मंत्रालयाने घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घातली. म्हणजे शिसे काय करते हे मंत्रालयाला नव्याने सांगायची गरज नाही. तेच शिसे आता विजेवरच्या वाहनांच्या सीटखालून वस्त्यांमध्ये परत येत आहे, आणि या वेळी मंत्रालय हलायला तयार नाही.

विजेवरच्या गाड्यांचे बरेवाईट काढायला बसले की चर्चा लिथियमच्या बॅटऱ्यांवर जाते. काँगोतल्या कोबाल्टच्या खाणी, चिलीच्या अटाकामा वाळवंटातले खारे पाणी, इंडोनेशियात कोळशाच्या विजेवर शुद्ध होणारे निकेल. हे प्रश्न खरे आहेत आणि ते विचारलेच पाहिजेत. पण भारतातल्या गल्लीबोळांत, रेल्वे स्टेशनांबाहेर, बाजारपेठांत जे विजेवरचे वाहन लाखोंनी धावते ते म्हणजे ई-रिक्षा, आणि तिच्यात बहुतांशी लिथियम नसते. सीटखाली १२ व्होल्टच्या चार शिशाच्या बॅटऱ्या असतात. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या नोंदीनुसार २०२३ मध्ये भारतात विजेवरच्या ५ लाख ८० हजारांहून अधिक तीनचाकी विकल्या गेल्या आणि या बाबतीत भारताने चीनला मागे टाकले. त्या बातमीवर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या गाड्यांतल्या शिशाचे पुढे काय होणार, हे मात्र कोणी विचारले नाही.

हिशेब अवघड नाही. चार बॅटऱ्यांचे मिळून वजन शंभर किलोंच्या आसपास किंवा वर जाते. त्यात शिसे साधारण ६० टक्के, म्हणजे एका रिक्षात ६० किलो. रोज सकाळी पूर्ण चार्ज आणि रात्रीपर्यंत पूर्ण रिकामी, या राबवणुकीत बॅटरीचा संच वर्षभर, फार तर दीड वर्ष टिकतो. पेट्रोलच्या मोटारीतही शिशाची बॅटरी असतेच. पण ती एकच, तिच्यात शिसे आठ-दहा किलो आणि ती तीन-चार वर्षे चालते. दहा वर्षांत पेट्रोलची मोटार पंचवीस-तीस किलो शिसे भंगारात टाकते. तेवढ्याच काळात ई-रिक्षा टाकते पाचशे किलोंच्या घरात. हिशेबापुरत्या फक्त १० लाख ई-रिक्षा धरल्या, तरी वर्षाला सुमारे ५० हजार टन शिसे जुने होऊन कुठेतरी जाते. त्यातले दहा टक्के जरी हवेत, राखेत आणि गटारात गेले, तरी ते पाच हजार टन होतात.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवून हा वाद प्रामाणिकपणे होऊ शकत नाही. पेट्रोल निष्पाप नाही. एक लिटर पेट्रोल जळले की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मुंबईतल्या माहुलमध्ये रिफायनऱ्या आणि रसायनांच्या टाक्यांच्या शेजारी माणसे काय श्वास घेतात, हे राष्ट्रीय हरित लवादाने ऑगस्ट २०२० मध्ये चार कंपन्यांना मिळून २८६ कोटींची भरपाई ठोठावून नोंदवले आहे. ई-रिक्षाच्या मागे धूर निघत नाही, चौकात उभ्या असलेल्या पोलिसाच्या आणि फळवाल्याच्या फुप्फुसाला तेवढा आराम मिळतो, ही लहान गोष्ट नाही. माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ई-रिक्षा आणा, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारला बजावले. माणसाने माणसाला ओढत डोंगर चढायचे थांबणार असेल, तर विजेची रिक्षा हवीच.

पण कार्बनचा फायदा किती, हेही नीट सांगायला हवे. ४८ व्होल्टचा हा संच चार्ज करायला गळती धरून सात-आठ युनिट वीज लागते. आपली तीन चतुर्थांशांच्या आसपास वीज कोळशाची. एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे ऐंशी किलोमीटरच्या फेरीला पाच-साडेपाच किलो, किलोमीटरला ६० ते ७० ग्रॅम. लिटरला तीस किलोमीटर देणारी पेट्रोलची रिक्षा किलोमीटरला ७७ ग्रॅम सोडते, शिवाय तेल काढण्या-गाळण्याचे वेगळे. फायदा आहे, पण बेताचा आहे. नागपूरच्या रिक्षाचा धूर तिथून कोराडीच्या आणि चंद्रपूरच्या वीजकेंद्रांच्या चिमण्यांकडे सरकतो. सौर आणि पवनऊर्जा वाढेल तसा हा फायदा आपोआप वाढत जाईल. शिशाचा धोका मात्र आपोआप कमी होणार नाही. रिक्षा वाढतील तसा तोही वाढेल.

जुन्या बॅटरीचे काय होते, ते मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांनी एकदा जवळून पाहावे. रिक्षावाला नवा संच घ्यायला जातो तेव्हा जुना संच वजनावर देतो; ते पैसे वजा झाले नाहीत तर नवा संच त्याला परवडत नाही. तिथून बॅटरी भंगाराच्या गोदामात येते. झाकणावर कुऱ्हाडीचे दोन घाव बसतात, आतले ॲसिड जमिनीवर नाहीतर उघड्या गटारात ओतले जाते. जाळीदार पट्ट्या हाताने उपसून बाजूला टाकतात. त्यांवरचा राखाडी लगदा वाळला की त्याची पिठासारखी भुकटी होते. हातमोजे नाहीत, तोंडाला फार तर रुमाल. रात्री शहराबाहेरच्या भट्टीत पट्ट्या वितळवतात, लगड्या ओततात आणि उरलेली मळी मागच्या बाजूला टाकून देतात. भट्टीच्या धुराला गाळणी नसते. काम करणारा माणूस त्याच कपड्यांत घरी जातो आणि लहान मुलाला उचलून घेतो.

त्या मुलाच्या शरीरात काय होते याबद्दल वैद्यकशास्त्राला शंका नाही. गिळलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या शरीरात जेवढे मुरते त्याच्या चार-पाच पट लहान मुलाच्या शरीरात मुरते. सुरक्षित अशी कुठलीही पातळी माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मेंदूची झालेली हानी औषधाने भरून येत नाही. सेनेगलमध्ये डाकारजवळच्या थियारोय-सुर-मेर वस्तीत जुन्या बॅटऱ्यांतले शिसे काढण्याचा धंदा चालत असे. २००७-०८ च्या काही महिन्यांत तिथे १८ मुले दगावली, तेव्हा जगाचे लक्ष गेले. भारतात मुले अशी एकदम मरत नाहीत म्हणून कोणी बघत नाही. ती वर्गात मागे पडतात, चिडचिडी होतात, आणि मास्तर त्यांना मंद ठरवून मोकळे होतात.

युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या जुलै २०२० च्या अहवालात भारतातल्या साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे असल्याचा अंदाज आहे. परदेशी अहवाल म्हणून तो बाजूला ठेवायचा, तर २०२२ मध्ये नीती आयोग आणि सीएसआयआर यांनीच देशातल्या पाहण्यांचा आढावा घेतला आणि २३ राज्यांत सरासरी हीच मर्यादा ओलांडलेली दिसली. सरकारचाच अहवाल, सरकारच्याच कपाटात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशभरातल्या लाखो मुलांचे रक्त हिमोग्लोबिनसाठी घेतले गेले. सुई टोचून झालीच होती. शिसे मात्र तपासले गेले नाही. साडेसत्तावीस कोटींच्या अंदाजानंतरही ते तपासावे असे कोणत्याही खात्याला वाटू नये, याला दुर्लक्षाशिवाय दुसरा शब्द नाही.

नियम नाहीत अशी सबब सांगता येणार नाही. २००१ च्या बॅटरी नियमांत तिसऱ्या वर्षापासून विकलेल्या बॅटऱ्यांपैकी ९० टक्के परत गोळा करण्याचे बंधन होते. दर सहा महिन्यांनी विवरणपत्र भरायचे होते. एकवीस वर्षे तो नियम कागदावर राहिला आणि भट्ट्या चालूच राहिल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये नवे नियम आले. उत्पादकाची जबाबदारी वाढवली, पुनर्चक्रण करणाऱ्यांनी प्रमाणपत्रे द्यायची आणि उत्पादकांनी ती विकत घ्यायची अशी व्यवस्था केली. अशाच धाटणीच्या प्लास्टिकच्या व्यवस्थेत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला २०२३ मध्ये गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कंपन्यांची सहा लाखांवर बनावट प्रमाणपत्रे सापडली. शिशाच्या बाबतीत तसे होणार नाही, याची हमी कोण देणार? प्रमाणपत्र नोंदणीकृत कारखान्यात शिरलेल्या बॅटरीचे असते. जी बॅटरी रात्रीच्या भट्टीत गेली, तिची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही.

आणि ती भट्टीतच जाणार, कारण तिथे भाव जास्त मिळतो. नोंदणीकृत कारखान्याला धुराची गाळणी, सांडपाण्याची प्रक्रिया, कामगारांची वैद्यकीय तपासणी आणि भंगारावर १८ टक्के जीएसटी एवढे सगळे सांभाळायचे असते. भट्टीवाल्याला यातले काहीच नाही; त्यामुळे तो किलोमागे चार पैसे जास्त देऊ शकतो. शिसे हा धातू पुन्हा पुन्हा वापरता येतो. शिस्तीत गोळा केला तर जमिनीतून नवा काढावाही लागत नाही. जळलेल्या पेट्रोलच्या बाबतीत ही सोय नाही. विजेच्या गाडीचा एवढा मोठा गुण आपण भट्टीवाल्याच्या हवाली केला आहे.

यात रिक्षावाल्याला गुन्हेगार ठरवू नका. विजेवरच्या वाहनांसाठीच्या फेम-२ आणि नंतरची पीएम ई-ड्राइव्ह, या दोन्ही सरकारी योजनांनी अनुदान फक्त प्रगत बॅटऱ्यांना दिले. हेतू योग्य होता. पण ज्याच्याकडे लिथियमचा संच घ्यायचे पैसे नव्हते तो शिशाचीच रिक्षा घेत राहिला, ती परिवहन कार्यालयात नोंदली जात राहिली, आणि तिची बॅटरी कुठल्याही योजनेच्या नजरेत आली नाही. त्याने उन्हातान्हात रिक्षा चालवून हप्ते फेडायचे आणि जुन्या बॅटरीच्या विषाचा जाबही त्यानेच द्यायचा, हा न्याय नव्हे.

तेव्हा मागण्या नेमक्या आहेत. ई-रिक्षाच्या प्रत्येक बॅटरीवर विक्रीच्या वेळीच अनामत घ्या, आणि ती भट्टीवाल्याच्या भावापेक्षा जास्त असू द्या. जुनी बॅटरी अधिकृत केंद्रात दिली की ती रिक्षावाल्याच्या खात्यात त्याच दिवशी जमा झाली पाहिजे. भंगार शिशावरचा जीएसटी कमी करण्यासाठी अर्थ मंत्रालयाकडे पाठपुरावा करा. चालू रिक्षांचा शिशाचा संच काढून लिथियमचा बसवायला अनुदान द्या, आणि त्या लिथियमच्या परतीची व्यवस्था पहिल्या दिवसापासून करा, नाहीतर दहा वर्षांनी हेच पत्र पुन्हा लिहावे लागेल. बॅटऱ्या फोडल्या जातात त्या वस्त्यांतल्या सहा वर्षांखालच्या मुलांचे रक्त शिशासाठी तपासा. ई-रिक्षा सर्रास धावतात त्या नागपूरसारख्या शहरांपासून सुरुवात करा.

आणि सगळ्यात आधी तीन आकडे प्रसिद्ध करा: प्रत्येक जिल्ह्यात गेल्या वर्षी ई-रिक्षाच्या शिशाच्या किती बॅटऱ्या विकल्या गेल्या, किती अधिकृतरीत्या परत आल्या, आणि त्या कोणत्या कारखान्यात वितळवल्या. हे आकडे नसतील तर नाहीत असे मंत्रालयाने लेखी जाहीर करावे, आणि ते गोळा होईपर्यंत शिशावर चालणाऱ्या एकाही रिक्षाला कोणत्याही सरकारी अहवालात प्रदूषणमुक्त वाहन म्हणून मोजू नये.