दिलेला शब्द

वचन देते वेळी कोणाच्याच पदराची गाठ सुटत नाही. ती सुटते पाळण्याची वेळ येते तेव्हा. त्यातून, ज्याला वचन दिले तो दुबळा असेल आणि आपणांस जाब विचारू शकत नसेल, तर शब्द पाळण्यास आपल्या सचोटीवाचून दुसरे बंधन उरत नाही. आमच्या गोमंतकाच्या इतिहासात याचा एक बोलका दाखला आहे.

पोर्तुगीज सरकारने १५२६ च्या सनदेने तिसवाडीतील गावकऱ्यांचे जुने हक्क व चालीरीती मान्य केल्या. परंतु १५४० च्या सुमारास त्याच सरकारच्या अमलात तेथील देवळे पाडली गेली. दिवाडी बेटावरील सप्तकोटीश्वर भक्तांनी नदीपलीकडे डिचोली महालातील नार्वे येथे नेला. तेथील देवळाचा शिवाजी महाराजांनी १६६८ साली जीर्णोद्धार केला.

पुढे १७८१ साली डिचोली आणि १७८८ साली पेडणे त्याच सरकारच्या ताब्यात आले. रयतेच्या धर्माला व रूढींना हात लावणार नाही, असा शब्द नव्या काबिजादीतील लोकांना देण्यात आला. ज्या सत्तेच्या भयाने देव नदीपार गेला, तीच सत्ता आता त्याच्या दारी उभी होती. नार्वेकरांनी कोणत्या भरवशावर तिचे बोलणे खरे मानावे?

हा शब्द मात्र पाळला गेला. त्यात सद्भावना किती आणि सरहद्द शांत ठेवण्याचे धोरण किती, हा वाद इतिहासकारांनी करावा. १९६१ साली ती राजवट संपली, तेव्हा नार्व्याचे देऊळ जागच्या जागी उभे होते. याउलट शेजारच्या सत्तरीत, आपल्या परंपरागत हक्कांवर सरकारने घाला घातला अशी राण्यांची तक्रार झाली. १८५२ साली दीपाजी राणे उठले आणि तो झगडा १८५५ पर्यंत चालला. विश्वास राहिला तेथे देऊळ राहिले. विश्वास उडाला तेथे बंदुका निघाल्या.

ते राज्यकर्ते आमच्याच धर्माचे होते, म्हणून हा इतिहास आम्ही अधिक प्रामाणिकपणे वाचला पाहिजे. आणि तो वाचून केवळ राजांचा न्याय करीत बसू नये. भाटकाराने मुंडकाराला 'तुझे घर कोणी हलविणार नाही' असे तोंडी सांगितलेले असते; मजुराला ठराविक मजुरी कबूल केलेली असते; लहान मुलाला 'फेस्ताला नेईन' म्हटलेले असते. यांपैकी कोणापाशीही कागद नसतो. मुंडकार संकोचाने गप्प बसतो, मजूर गरजेपायी गप्प बसतो आणि मूल रडून झोपी जाते. परंतु तिघेही मनात नोंद करतात.

म्हणून वाचकहो, शब्द देण्यापूर्वी क्षणभर थांबावे, आणि झेपणार नसेल तर 'नाही' म्हणण्याचे धैर्य दाखवावे. परंतु एकदा 'हो' म्हटल्यावर, ज्याच्यापाशी कागद नाही त्याचे देणे आधी चुकते करावे.