थंडीचा कोट घेतला, अंधाराचं काय?

मागच्या डिसेंबरात ओपीडी संपता संपता ओळखीचे एक शेतकरी येऊन बसले. त्यांची स्वतःची तब्येत ठणठणीत होती. मुलगा स्वीडनच्या उत्तरेला लुलेओ नावाच्या शहरात इंजिनिअरिंगच्या पुढच्या शिक्षणासाठी गेलेला, त्याच्याविषयी विचारायचं होतं. "डाक्टर, पोऱ्या निस्ता झोपस," ते म्हणाले. जेवतो का, मी विचारलं. जेवतो तर! उलट वजन वाढलंय, भात, ब्रेड, गोड काही सोडत नाही. ताप नाही, खोकला नाही. मी म्हणालो, "थंडी आहे तात्या, होईल सवय." ते समाधानाने गेले.

माझं चुकलं होतं. जानेवारीत पुन्हा आले तेव्हा मुलाने परीक्षाच दिली नव्हती. बरेच दिवस तो खोलीबाहेर पडला नव्हता. शेवटी वर्गातल्या एका मित्राने दार वाजवून त्याला विद्यापीठातल्या समुपदेशकाकडे नेलं.

आता जुलै आहे. शिरपूर, धुळे, जळगावकडून परदेशी जाणाऱ्या मुलांच्या बॅगा भरायला लागल्या आहेत, म्हणून हे लिहितो.

थंडीची भीती आपल्याला असते आणि तिची तयारी आपण करतो. धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांवर आला की पेपरात बातमी येते, शेकोट्या पेटतात, शेतात भरीत-भाकरीचे बेत होतात. लुलेओत जानेवारीत उणे दहा नेहमीचं, कधी उणे 25 च्याही खाली. पण तिथली घरं, बस, वर्ग सगळं उबदार असतं. चांगला कोट, लोकरीचे मोजे, बर्फावर घसरू नये म्हणून बुटाला लावायचे खिळे घेतले की थंडीचा प्रश्न बऱ्यापैकी सुटतो. अंधाराचा सुटत नाही, कारण त्याबद्दल कोणी सांगितलेलंच नसतं. परदेशी शिक्षणाच्या मेळाव्यांत व्हिसा, कर्ज, फी यांवर तासन्‌तास बोललं जातं. अंधारावर पाच मिनिटं बोललेली मी ऐकलेली नाहीत.

हिशेब बघा. शिरपुरात वर्षातला सगळ्यात लहान दिवस पावणेअकरा तासांहून मोठा असतो. लुलेओत तो जेमतेम तीन तासांचा. त्या दिवशी सूर्य तिथल्या घड्याळात दहाच्या सुमारास उगवतो, एकच्या सुमारास मावळतो आणि भर दुपारी क्षितिजापासून फक्त एक अंश वर येतो. आणखी उत्तरेला किरुनात डिसेंबरातले काही आठवडे तो उगवतच नाही. मुलं पोचतात ऑगस्टअखेर, तेव्हा संध्याकाळी उशिरापर्यंत लख्ख उजेड असतो. मग दिवस रोज सहा-सात मिनिटांनी आटत जातो. नोव्हेंबर सगळ्यात वाईट, बर्फ अजून नीट साठलेला नसतो आणि जमीन काळी असते. ताजा बर्फ पडला की तो उजेड परावर्तित करतो आणि मुलं म्हणतात, जरा बरं वाटतंय. ते खरंच असतं.

डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्यांचं मुख्य काम चित्र दाखवणं नसून मेंदूतल्या घड्याळाला उजेडाची खबर देणं हे असतं. सकाळचा उजेड हे घड्याळ रोज लावून देतो. (शरीरातली ही घड्याळं पेशींच्या आत कशी चालतात, या संशोधनाला 2017 चं नोबेल मिळालं, ते जाहीर करणारी कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूट स्वीडनमधलीच.) सकाळ अंधारी असली की घड्याळ मागे पडत जातं, झोपेचं वेळापत्रक बिघडतं, काहींचं मनही खचतं. अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये या ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याचं नीट वर्णन केलं. त्यात एक गोष्ट अशी, जी मला पाठ असूनही त्या दिवशी आठवली नाही. नेहमीच्या नैराश्यात बहुधा झोप उडते, भूक मरते. यात पुष्कळदा उलटं होतं. माणूस खूप झोपतो, गोड आणि पिठूळ खातो, वजन वाढतं.

आपल्याकडे आजाराची पहिली चौकशी म्हणजे "जेवलास का?" आई तेच विचारते, बाप तेच विचारतो, डॉक्टरही तेच विचारतो. हा आजार या प्रश्नातून अलगद निसटतो. मुलगा खरंच जेवलेला असतो. बाकीचं तो सांगत नाही, कारण कर्जाचा हप्ता आणि गहाण शेत त्याला माहीत असतं.

प्रत्येकाला हे होतं असं अजिबात नाही. तिथल्या बहुतेकांचे हिवाळे बरे जातात. ते खिडक्यांत दिवे लावतात, 13 डिसेंबरला लुसियाचा मेणबत्त्यांचा सण करतात, भर थंडीत बाहेर हिंडतात. उमेओ शहरात 2012 मध्ये वीज कंपनीने बसथांब्यांवर उजेडाच्या उपचाराचे दिवे बसवले होते. म्हणजे त्यांनाही अंधार जाणवतो, फक्त ते त्याला आळस म्हणत नाहीत.

उपाय साधे आहेत. दुपारी उजेड असताना अर्धा तास बाहेर, ढग असले तरी, कारण तो उजेडही खोलीतल्या बल्बपेक्षा बहुधा जास्त भरतो. उठण्याची वेळ रोज एकच. त्रास वाढला तर सकाळी अर्धा तास दहा हजार लक्सचा दिवा, पण डॉक्टरांना विचारून. डोळ्यांचा विकार असेल किंवा घरात कोणाला बायपोलर आजार असेल तर ते आधी सांगायचं.

ड जीवनसत्त्वाचं वेगळं. त्या हिवाळ्यातल्या तिरप्या उन्हात त्वचेत ते तयार होत नाही आणि आपल्या सावळ्या त्वचेला एरवीही जास्त ऊन लागतं. म्हणून पालक माझ्याकडे साठ हजार युनिटच्या पुड्यांची चिठ्ठी मागतात. ती पुडी सहसा आठवड्याला एक असते. रोज घेतली तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडं अडचणीत येतात. तिथे सर्वसाधारण माणसाला रोज 10 मायक्रोग्रॅम, म्हणजे 400 युनिट सांगतात, दुधातही ते घातलेलं असतं. आणि पुडीने खचलेलं मन उभं राहील, असा भरवसा मी देणार नाही.

मुलाच्या मोबाइलमध्ये दोन नंबर हवेत. 1177 हा तिथल्या आरोग्यसल्ल्याचा, 112 तातडीचा. जगण्यात अर्थ नाही असं तो एकदा जरी बोलला, तरी "असं बोलू नये" म्हणून विषय बदलू नका. फोन चालू ठेवा आणि त्याच्याजवळ कोणीतरी पोचेल हे बघा.

तात्या रात्री नऊला, जेवणं झाल्यावर फोन करायचे. तेव्हा तिथे संध्याकाळचे साडेचार आणि मिट्ट काळोख. मी त्यांना दुपारी चारला करा म्हणालो, तिथे साडेअकरा असतात, आणि पहिला प्रश्न जेवणाचा नको, "बाहेर आहेस का?" असा हवा. फेब्रुवारीपासून ते शेतातूनच फोन लावायला लागले. मुलाने राहिलेली परीक्षा नंतर दिली. एकदा त्याने मोबाइल फिरवून गोठलेला समुद्र दाखवला, त्यावरून लोक चालत होते, काही लहान मुलांना घसरगाडीवर ओढत होते. तात्यांचा त्यावर अजून विश्वास बसलेला नाही.