मोगलीच्या गावी मुक्काम

पारा ४५ च्या पुढे सरकला, की नागपूरकर बॅगा भरून जबलपूरच्या रस्त्याला लागतात. मोठ्यांना वाघ हवा असतो, पोट्ट्यांना मोगली. याच रस्त्यावरच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या तुरिया गेटपाशी मध्य प्रदेश पर्यटनाच्या हॉटेलाचं नावच ‘किपलिंग्ज कोर्ट’. गंमत अशी, की मोगलीची गोष्ट लिहिणारा, मुंबईत जन्मलेला किपलिंग सिवनीच्या या जंगलात कधी आलाच नव्हता, असं अभ्यासक मानतात. १८९४ चं ‘जंगल बुक’ त्यानं लिहिलं ते अमेरिकेतल्या बर्फाळ व्हरमाँटमध्ये, स्टर्नडेलसारख्या शिकारी साहेबांची पुस्तकं वाचून! त्या न पाहिलेल्या जंगलावर आज इथल्या रिसॉर्टांचा धंदा चालतो. चालू द्या, दुपारी स्विमिंग पूल कोणाला नको असतो? पण रात्री मुलांना गोष्ट सांगायचीच, तर इथल्याच कॉलरवाली वाघिणीची सांगा. जानेवारी २०२२ मध्ये ती गेली, तोवर २९ पिल्लांची आई झाली होती. मोगलीपेक्षा मला तीच जास्त पटते. आणि हो, पावसाळ्यात, १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत, गाभ्यातली सफारी बंद असते. रिसॉर्टवाले तेव्हा खोल्या स्वस्तात देतात, हे लक्षात ठेवून बुकिंग करा.